साप जेवत नाही तेव्हा

डिसेंबरातल्या एका रात्री साडेअकराला मित्राचा मेसेज आला. "एकोणतिसावा दिवस. आजही नाही."

हा मित्र चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि राजगुरुनगरला माझ्या घरापासून चार बिल्डिंग सोडून राहतो. त्याच्याकडे बॉल पायथनचं पिल्लू आहे. हा आफ्रिकेतला छोटा अजगर. पिल्लू जेमतेम सत्तर ग्रॅमचं, वेटोळं घातलं की तळहातावर मावतं. आणताना त्याने सगळे कागद नीट केले होते. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही केली होती. फक्त सापाने सहकार्य केलं नव्हतं. गोठवलेलं उंदराचं पिल्लू कोमट पाण्यात गरम करायचं, चिमट्यात धरायचं, सापासमोर हलकेच हलवायचं. साप एकदा जीभ बाहेर काढायचा आणि तोंड फिरवून परत वेटोळ्यात शिरायचा. महिनाभर हेच चाललं होतं.

"उद्या तोंड उघडून घशात सरकवतो," त्याने लिहिलं. "व्हिडिओ बघितलाय. सोपं आहे."

मी लगेच फोन केला आणि म्हटलं, "थांब. दोन दिवस दे मला."

मी काही सापांचा तज्ज्ञ नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा माणूस आहे. पण न खाणारा साप मी एकदा पाहिला होता, आणि त्याला खायला घालायचे माझे सगळे प्रयत्न मला आठवत होते.

बरणी

मी सहावीत होतो. श्रावण होता, घरात ओल होती. स्वयंपाकघरातल्या फडताळामागून वीतभर लांबीचा एक साप निघाला. तपकिरी अंग, त्यावर फिकट पिवळसर पट्टे. आजी ओरडली, "मण्यार आहे, मारा!" शेजारचे काका काठी घेऊन आले, पण त्यांनी वाकून पाहिलं आणि काठी खाली ठेवली. म्हणाले, "कवड्या आहे. बिनविषारी. पट्टे बघा, डोक्याकडे ठळक आहेत आणि शेपटीकडे पुसट होत गेलेत. मण्यारीचं उलट असतं."

काका गेल्यावर मी साप बोर्नव्हिटाच्या बरणीत घातला आणि झाकणाला भोकं पाडली. तो गुन्हा आहे हे मला माहीत नव्हतं. नागपंचमी जवळ आली होती, म्हणून बाटलीच्या टोपणात दूध ठेवलं. दूध नासलं. मग अंड्याचा बलक ठेवला. मग भात. मग मेलेलं झुरळ. रोज शाळेतून आलो की आधी बरणी बघायची. अकराव्या दिवशी साप सरळ पडलेला होता. इतका सरळ साप मी तोवर पाहिला नव्हता.

आजी म्हणाली, "भूक नसेल रे त्याला." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

मित्राकडून दोन दिवस मागून घेतले आणि मी वाचायला बसलो. न खाणाऱ्या सापाला खायला कसं लावायचं, हा प्रश्न आधी कुणाकुणाला पडला होता ते शोधायला लागलो. निघालं असं, की हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याची बरीचशी उत्तरं माझ्या बरणीसारखीच होती.

दुधाची वाटी

सर्वांत जुनं उत्तर म्हणजे दूध. सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी प्रसिद्ध. तिथली कथा सांगते, की गोरखनाथ भिक्षेला आले तेव्हा घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी तो मातीचा नाग जिवंत केला. त्या श्रद्धेतून गावात वर्षानुवर्षं जिवंत नाग पकडून आणायचे, मडक्यांत ठेवायचे, पंचमीला पूजायचे आणि नंतर सोडून द्यायचे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जिवंत नागांची ती जाहीर पूजा व मिरवणूक बंद करावी लागली.

शिराळ्याचे लोक निदान नाग सोडून तरी देत. गावोगाव टोपली घेऊन फिरणाऱ्यांच्या नागांची गोष्ट वेगळी होती. पंचमीच्या आधी त्यांना कित्येक दिवस पाणीच द्यायचे नाहीत. विषदंत काढलेले, कधीकधी तोंडही शिवलेलं. मग दारात आलेल्या तहानलेल्या नागापुढे दुधाची वाटी ठेवली की तो तोंड बुडवायचा, आणि घरातले हात जोडायचे. त्याने दूध म्हणून काही प्यायलेलं नसायचं. समोर जे ओलं होतं ते प्यायलेलं असायचं. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं अन्न आहे, सापाच्या पोटात ते पचवायची सोय नाही. त्यात दूध श्वासनलिकेत गेलं की फुप्फुसं खराब होतात. पूजा झालेले कितीतरी नाग पुढच्या काही दिवसांत मरत.

गंमत बघा. सणाच्या आदल्या दिवशी घरातल्या बाया भावासाठी उपास करायच्या. माणसाने न खाण्याला आपल्याकडे एवढा मान, आणि सापाने खाल्लं नाही तर मात्र आपल्याला चैन पडत नाही.

पोटात काय सापडलं

आपण काय देतो ते बाजूला ठेवून साप स्वतः काय खातो, हे नीट विचारणाऱ्यांपैकी एक होता फ्रँक वॉल. जन्म १८६८, सिलोनमधला. पेशाने इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. भारतात आणि ब्रह्मदेशात जिथे बदली होईल तिथे तो मेलेले साप गोळा करायचा, मोजायचा, खवले गणायचा आणि पोट फाडून आत काय आहे ते लिहून ठेवायचा. मुंबईत १८८३ साली सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९०५ पासून १९१९ पर्यंत त्याची भारतातल्या नेहमीच्या सापांवरची लेखमाला चालली. प्रत्येक साप कुठे राहतो, केव्हा अंडी घालतो, काय खातो, हे त्यात तपशिलाने येतं.

डेटाबेसची सवय असलेल्या माणसाला हे काम लगेच कळतं. वॉलने एकेका सापाची एकेक नोंद केली आणि त्यातून एक सरळ गोष्ट समोर आली. 'साप' असं एक गिऱ्हाईक नाही. प्रत्येक जातीचा मेन्यू वेगळा. पाणदिवड मासे आणि बेडकांवर जगते. मण्यार दुसरे साप खाते. धामण मोठी झाली की उंदीर खाते, पण तिचं पिल्लू बेडकांच्या मागे असतं. मांडूळ बिळातले उंदीर आवळून खातो. भात, दूध यांतलं काही यांच्यापैकी कुणाच्याही यादीत नाही.

आणि कवड्या? कवड्या हा घरात शिरणारा साप आहे, कारण त्याचं मुख्य अन्न घरात असतं. तो पाली खातो.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉपवरून मान वर केली. आमच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या वर ट्यूबलाइट होती आणि तिच्यामागे पावसाळ्यात कायम तीन-चार पाली असायच्या. बरणी त्या फडताळावरच ठेवलेली होती. त्याचं जेवण अकरा दिवस त्याच्यापासून दोन हातांवर फिरत होतं आणि मी टोपणातलं दूध बदलत होतो.

परळचं सर्पालय

भारतात साप जिवंत ठेवायची खरी गरज औषधासाठी पडली. १८९० च्या दशकात फ्रान्सच्या आल्बेर काल्मेतने नागाच्या विषावर प्रतिविष तयार केलं. विषाचे छोटे डोस घोड्याला द्यायचे, घोड्याच्या रक्तात विषाला तोंड देणारे घटक तयार होतात, ते वेगळे काढायचे. पद्धत मुळात आजही तीच आहे. पण तिला सतत विष लागतं आणि विषासाठी साप लागतात.

मुंबईत हे काम परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये उभं राहिलं. प्लेगची लस शोधणाऱ्या वॉल्डेमार हाफकिनची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. १९२५ साली संस्थेला त्याचं नाव मिळालं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष तिथे काढलं जायचं. आज हाफकिनच्या औषधनिर्माण महामंडळाचं घोड्यांचं केंद्र पिंपरीत आहे. आमच्याकडच्या किती जणांना हे माहीत आहे कोण जाणे. खेडच्या शेतात फुरसं चावलेल्या माणसाला दिलं जाणारं इंजेक्शन आणि पिंपरीतला घोडा यांचं नातं जोडणारा मधला दुवा म्हणजे कुठल्यातरी पेटीतला एक साप, आणि त्या सापाने जेवायला हवं.

हाफकिनमधले डॉ. पु. ज. देवरस यांनी परळच्या सर्पालयातल्या सापांकडून किती विष मिळतं याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवल्या. त्यावरचा त्यांचा लेख १९६३ साली प्रसिद्ध झाला. १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचं भारतातल्या सापांवरचं पुस्तक काढलं. सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या आपल्याकडच्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक.

अशा सर्पालयांचा जगभरचा अनुभव एकच होता. जंगलातून आणलेला साप पेटीत घातला की खाणं टाकतो. त्यावरचा जुना उपाय म्हणजे जबरदस्ती. दोन माणसांनी साप धरायचा, तोंड उघडायचं, नळी घशाखाली सरकवायची आणि अंडं किंवा मांसाचं पातळ मिश्रण आत सोडायचं. साप काही काळ तग धरायचा. पण धरपकडीने तो आणखी बिथरायचा, तोंडाला जखमा व्हायच्या, आणि बरेचदा पोटात गेलेलं तो बाहेर टाकायचा. व्हिडिओत जे 'सोपं' दिसतं ते हेच आहे, फक्त पिल्लू लहान असल्यामुळे एक माणूस पुरतो.

या प्रश्नाला सगळ्यांत वेगळं उत्तर तमिळनाडूत मिळालं. साप पकडण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाकबगार असलेल्या इरुला लोकांचा कातड्यासाठी साप विकण्याचा धंदा १९७२ च्या कायद्याने बंद झाला. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली चेन्नईजवळ इरुला सर्पपकड्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचा, तीन-चार आठवडे मडक्यात ठेवायचा, तेवढ्यात चार वेळा विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि सोडून द्यायचं. पिंजऱ्यात वर्षभर ठेवून त्याला जेवायला लावायचा प्रश्नच त्यांनी ठेवला नाही. तो आपलं आपण बाहेर जाऊन जेवतो.

पुण्यातली काचेची खोली

आमच्या भागात साप म्हटलं की आधीच्या पिढीला एक नाव आठवतं, नीलिमकुमार खैरे. जानेवारी १९८० मध्ये पुण्यात ते ७२ तास ७२ सापांसोबत एका काचेच्या खोलीत राहिले, त्यातले बहुतेक विषारी. लोक रांगा लावून बघायला आले. साप विनाकारण माणसाच्या अंगावर येत नाही, हे हजारो लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पुढे १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान सुरू झालं. मग पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही चिंचवडला सर्पोद्यान काढलं, त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती.

या सर्पोद्यानांनी आणि त्यातून तयार झालेल्या सर्पमित्रांनी दोन पिढ्यांच्या डोक्यातलं दूध काढलं. आज खेड तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत विचारा, साप दूध पितो का. अर्धी मुलं तरी 'नाही' म्हणतील. माझ्या वेळी वर्गात कुणीच म्हटलं नसतं. पण सर्पोद्यानातल्या पाटीवर साप काय खातो ते कळतं. समोर त्याचं खाणं असूनही तो का खात नाही, हे पाटीवर मावत नाही.

कापसाचा बोळा

ते कळायला एका साध्या प्रयोगाची गरज होती. १९६० च्या दशकात अमेरिकेत गॉर्डन बर्गहार्ट या संशोधकाने सापांची नुकती जन्मलेली पिल्लं घेतली. आयुष्यात एकदाही काही न खाल्लेली. गांडूळ, मासा, बेडूक, किडे अशा वेगवेगळ्या भक्ष्यांचा अर्क पाण्यात उतरवला, त्यात कापसाचा बोळा बुडवला आणि पिल्लांसमोर धरला. पिल्लांनी जिभा लपलपवल्या आणि त्यांच्या जातीला हवा असलेला वास आला की चक्क कापसावर हल्ला केला. नको असलेल्या वासाच्या बोळ्याकडे लक्षही दिलं नाही. कुणी शिकवलेलं नाही, आईला खाताना पाहिलेलं नाही. १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले.

साप जिभेने हवेतले कण गोळा करतो आणि टाळूतल्या जेकबसन इंद्रियाकडे पोचवतो. आपण ताट बघून ठरवतो, तो वास घेऊन ठरवतो. आणि कोणता वास म्हणजे अन्न, याची पहिली यादी तो जन्मताना घेऊन येतो.

दहा वर्षांनी, १९७७ साली, स्टीव्हन अर्नोल्ड यांनी आणखी एक पायरी पुढे टाकली. कॅलिफोर्नियात एकाच जातीचे साप समुद्रकिनाऱ्यावर राहतात आणि आतल्या डोंगराळ भागातही. किनाऱ्यावर कवच नसलेल्या गोगलगाई भरपूर, आत त्या नाहीतच. दोन्हीकडच्या माद्यांची पिल्लं प्रयोगशाळेत जन्माला आली. त्यांना गोगलगाई दिल्या. किनाऱ्याकडच्या बहुतेक पिल्लांनी त्या खाल्ल्या. आतल्या भागातल्या बहुतेकांनी नाकारल्या. जात एक, पेटी एक, ताट एक. फरक फक्त वंशाने दिलेल्या यादीत.

म्हणजे न खाणारं पिल्लू हट्टी नसतं, लाडावलेलंही नसतं. समोरचा पदार्थ त्याच्या लेखी अन्नच नसतो. आपल्यापुढे कुणी गरम केलेला खोडरबर ठेवावा तसं.

बॉल पायथनचा उपास

आता मित्राच्या सापाकडे येतो. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वारुळांत दिवस काढतो, घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडू होतो, म्हणून हे नाव. घाना, टोगो, बेनिनमधून हे साप युरोप-अमेरिकेत मोठ्या संख्येने जाऊ लागले, आणि त्यांची पहिली ख्याती हीच झाली की हे खात नाहीत. जंगलातून पकडून आणलेले मोठे साप महिनोन्‌महिने तोंड उघडायचे नाहीत. १९९२ साली बॉब क्लार्क या अमेरिकन माणसाने पिवळ्या-पांढऱ्या रंगाची अल्बिनो पिल्लं पैदा केली आणि घरात जन्मलेल्या पिल्लांचा बाजार सुरू झाला. दरवर्षी हजारो पिल्लं, आणि त्यातली काही न खाणारी. त्यांना खायला लावायचे उपाय पाळणाऱ्यांनी अनुभवातून गोळा केले.

बर्गहार्टचा कापूस त्यांत सगळीकडे दिसतो. उंदराचं पिल्लू धुऊन त्याचा वास घालवायचा आणि सापाला ओळखीच्या भक्ष्याचा वास त्याला चोळायचा. नायजेरियातल्या जंगली बॉल पायथनच्या अभ्यासात आढळलं, की लहान साप मुख्यतः पक्षी खातात, मोठे झाल्यावर उंदरांकडे वळतात. म्हणून काही जण कोंबडीच्या पिल्लाची पिसं वापरतात. दुसरा उपाय जागेचा. मोठी, चकाचक, चारी बाजूंनी काचेची पेटी माणसाला छान दिसते. बिळात राहणाऱ्या पिल्लाला ती उघडं मैदान वाटते. त्याला अंगाला दोन्ही बाजूंनी टेकेल एवढी अंधारी जागा हवी. तिसरा उपाय उष्णतेचा. सापाचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही. ऊब नसेल तर अन्न पचणार नाही, उलट आत सडेल. म्हणून थंड पडलेला साप खाण्याची जोखीमच घेत नाही. पेटीचा एक कोपरा ३१-३२ अंशांना हवा आणि दुसरा त्याहून थंड, म्हणजे तो आपलं आपण ठरवेल.

आणि सगळ्यांत अवघड उपाय म्हणजे वाट बघणं. इथे विज्ञान धीर देतं. २००७ साली मार्शल मॅक्क्यू यांनी तीन जातींचे साप सुमारे सहा महिने उपाशी ठेवून मोजमाप केलं. त्यात बॉल पायथनही होते. सापांनी शरीराचा खर्च कमी केला, काहींनी तर विश्रांतीतला ऊर्जाखर्च ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला. तरी त्यांची लांबी वाढतच होती. त्याआधी १९९८ साली सेकोर आणि डायमंड यांनी अजगराच्या पोटाचा अभ्यास मांडला होता. उपासात अजगर आतडं जवळजवळ बंद करून ठेवतो. खाल्लं की एक-दोन दिवसांत ते आतडं दुप्पट वजनाचं होतं आणि शरीराचा ऊर्जाखर्च चाळीसपटींच्या वर जातो. सर्व्हर स्टँडबायवर ठेवणं आणि लोड आला की उठवणं, हे मला रोजच्या कामातून माहीत आहे. पण अजगराइतकं सफाईने ते कुणी करत नाही.

याचा अर्थ पिल्लू कितीही दिवस उपाशी ठेवलं तरी चालेल असा नाही. सत्तर ग्रॅमच्या पिल्लाकडे मोठ्या सापाएवढी शिल्लक नसते. वजन दर आठवड्याला काट्यावर बघायचं. ते सतत घसरत असेल, कणा वर दिसायला लागला, तोंडात चिकट फेस दिसला, तर सरळ सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरकडे. घशात घालायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, यूट्यूबने नाही.

ग्राफ

तिसऱ्या दिवशी मी मित्राकडे गेलो. काट्यावर पिल्लाचं वजन महिन्याभरात फक्त चार ग्रॅमने कमी झालेलं दिसलं. म्हणजे घाई नव्हती. मी घरून एक छोटा तापमानाचा सेन्सर नेला होता, दर पाच मिनिटांनी नोंद करणारा. तो पेटीतल्या उबदार कोपऱ्यात ठेवला आणि आलो.

दुसऱ्या दिवशी ग्राफ उघडला. संध्याकाळी ३१ अंश. बरोबर. रात्री दीडनंतर रेघ उतरायला लागली होती, पहाटे पाचला १९. सकाळी आठनंतर पुन्हा वर. आमच्याकडे त्या आठवड्यात रात्रीची वीज तासन्‌तास जात होती. भीमेकाठच्या डिसेंबरात खिडकीची एक फट पुरते. मित्र दिवसा थर्मामीटर बघायचा, तेव्हा सगळं बरोबर दिसायचं. रात्री तो झोपलेला असायचा आणि साप जागा. निशाचर प्राण्याच्या जेवणाच्या वेळीच स्वयंपाकघर बंद पडत होतं.

आम्ही तीन गोष्टी केल्या. हीट मॅट इन्व्हर्टरवर घेतली. काचेच्या पेटीऐवजी छोटा, अपारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, भोकं पाडलेला, आत ओलसर नारळाचा भुसा आणि उलटं ठेवलेलं मातीचं फुटकं भांडं. आणि सहा दिवस त्याला हात लावायचा नाही, झाकण उघडून बघायचंही नाही, फक्त पाणी. तिसरी गोष्ट मित्राला सर्वांत जड गेली. "निदान डोकावू दे ना," म्हणत होता.

सातव्या रात्री आम्ही गरम केलेलं उंदराचं पिल्लू वाडा रोडवरच्या चिकनवाल्याकडून मागून आणलेल्या पिसांवर फिरवलं, भांड्याच्या तोंडाशी ठेवलं, दिवा बंद केला आणि बाहेर जाऊन बसलो. चहा झाला. क्रिकेटच्या गप्पा झाल्या. तासाभराने मोबाइलचा उजेड हाताने झाकून आत पाहिलं. भांड्यासमोर काही नव्हतं. आत पिल्लू होतं, आणि त्याच्या मधल्या भागात एक गाठ होती.

कशाने झालं ते मला सांगता येणार नाही. ऊब, अंधार, पिसं की फक्त एकटं सोडणं, चारही एकदमच बदललं होतं. डिबगिंगमध्ये हे चुकीचं मानतात, एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. पण त्या रात्री कुणालाच प्रयोग पूर्ण करायचा नव्हता.

घरी येताना मी बरणीचा विचार करत होतो. तो कवड्या पाळायचा नव्हताच, कायद्यानेही नाही आणि त्याच्या बाजूनेही नाही. त्याला जेवायला घालायचा एकच मार्ग होता, झाकण काढून फडताळामागे जाऊ देणं. किंवा घरच्यांना भीती वाटत असेल तर सर्पमित्राला बोलावणं. तुमच्या घरात यंदाच्या पावसाळ्यात असं वीतभर पिल्लू निघालं, तर वन विभागाचा १९२६ हा नंबर फोनमध्ये ठेवा. तोवर त्याच्यापुढे काही ठेवू नका. पाणीसुद्धा नको. थोडं लांब उभं राहून त्याच्यावर फक्त नजर ठेवा.